सासूबाई कोणाच्या?

जुलै लागला की नागपूरच्या धरमपेठेत डॉक्टर आणि सीए, दोघांकडेही नंबर लावावा लागतो. डॉक्टर विचारतो, काय होतंय? सीए विचारतो, घरी कोण कोण आहे? यातला डॉक्टरचा प्रश्न सोपा.

वेस्ट हायकोर्ट रोडलगतच्या एका ऑफिसात ऐकलेला हा संवाद. समोर नोकरदार, पन्नाशीच्या बाई. हातात सासूबाईंच्या मेडिक्लेमची पावती. मुलाच्या वयाचा सीए म्हणाला, "काकू, हे ८०-डीमध्ये बसत नाही."

"काहून? पैसे माझ्याच खात्यातून गेले ना?"

"गेले. पण सासू-सासरे चालत नाहीत. तुमचे आई-बाबा असते तर चाललं असतं."

"अरे बाळा, ते जाऊन दहा वर्षं झाली. आता घरात आई म्हणावं अशा याच आहेत."

कायद्यात या वाक्यासाठी रकाना नाही.

नियम काय म्हणतो ते एकदा नीट पाहू. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०-डी: स्वतः, नवरा किंवा बायको आणि अवलंबून असलेली मुलं यांच्या आरोग्य विम्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत वजावट. आई-वडिलांसाठी वेगळे २५,०००, ते साठीपुढचे असतील तर ५०,०००. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असलेच पाहिजेत अशी अटही नाही. बापाला गलेलठ्ठ पेन्शन असली तरी त्याचा हप्ता भरा आणि वजावट घ्या. विधवा सासू सुनेच्या ताटातलं जेवत असली तरी तिचा हप्ता भरा आणि गप्प बसा.

"पुढच्या वर्षी काकांच्या खात्यातून भरा," हा सीएचा सल्ला बरोबर आहे. पण काकाच नसतील तर? मुलगा गेला, सून कमावते, सासू तिच्या आधाराने राहते. अशी घरं प्रत्येक गल्लीत आहेत. मुलगा गेला त्या दिवशी सासूही आयकराच्या हिशेबातून गेली.

आता उलट बाजू बघा. याच सासूबाईंनी आपली दहा लाखांची ठेव सुनेच्या नावावर केली, तर कलम ६४ झोपेतून खडबडून उठतं. त्या ठेवीचं व्याज सासूच्याच उत्पन्नात मिळवायचं, कारण सून ही घरची. आणि हीच ठेव सुनेला भेट म्हणून दिली, तर भेटीवर कर नाही, कारण भेटींच्या यादीत सासू ही नातेवाईक.

म्हणजे व्याज मोजताना घरची, भेट देताना नात्यातली आणि विम्याचा हप्ता भरताना परकी. एकाच कायद्यात एका बाईची तीन नाती.

भेटींच्या यादीत मामाही आहे. मामाने भाच्याला पाच लाख दिले, तर भाच्याला कर नाही. भाच्याने म्हाताऱ्या मामाला औषधपाण्यासाठी तेवढेच दिले, तर वर्षाला ५०,००० ची मर्यादा ओलांडली म्हणून सगळी रक्कम मामाचं उत्पन्न धरली जाते. मामा भाच्याचा नातेवाईक आहे, भाचा मामाचा नाही. हा नियम लिहिणाऱ्याला मामा नसावा.

बहिणीची गोष्ट जास्त बोचरी. लग्न न केलेली बहीण भावाच्या घरी राहते, भाऊच तिचं सगळं करतो. तिच्या मेडिक्लेमचा हप्ता ८०-डीमध्ये बसत नाही, कारण त्या यादीत भाऊ-बहीण नाहीत. तिला कॅन्सर झाला, तर मात्र ८०-डीडीबीखाली उपचाराचा खर्च ४०,००० रुपयांपर्यंत धरता येतो, कारण या यादीत बहीण आहे. ती वेळ येऊ नये म्हणून विमा काढायचा असतो ना? की आधी आजारी पडायचं आणि मग बहीण व्हायचं?

याच ८०-डीडीबीच्या आजारांची यादी १९६२ च्या आयकर नियमांत, ११-डीडी क्रमांकाखाली दिली. कॅन्सर आहे, मूत्रपिंड निकामी होणं आहे, पार्किन्सन आहे. रक्ताच्या आजारांत हिमोफिलिया आहे, थॅलेसेमिया आहे.

सिकलसेल नाही.

विदर्भात बसून ही यादी वाचणाऱ्याच्या डोळ्यांत हे आधी खुपतं. इथल्या कितीतरी घरांत सांधे धरून रडणारं लेकरू आहे. रात्री-बेरात्री त्याला उचलून मेडिकल हॉस्पिटलला, नाहीतर मेयोला न्यावं लागतं. १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांनी शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, २०४७ चं उद्दिष्ट ठेवलं. आरोग्य खात्याला जो आजार राष्ट्रीय वाटतो, तो वर्षानुवर्षं अर्थखात्याच्या यादीत यायला का पात्र ठरला नाही?

आजी तर वजावटीच्या कुठल्याच यादीत नाही. ८०-डीत नाही, दिव्यांगांसाठीच्या ८०-डीडीत नाही, ८०-डीडीबीत नाही. पण २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा काढून बघा. त्यात आजी-आजोबा सज्ञान नातवाकडे निर्वाह मागू शकतात. नातवाने नाही म्हटलं, तर न्यायाधिकरण महिना दहा हजारांपर्यंत द्यायला लावू शकतं.

एक कायदा म्हणतो, आजीला सांभाळ, नाहीतर बघून घेतो. दुसरा म्हणतो, कोण आजी?

मुलीचंही तेच. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात निकाल दिला की लग्न झालेली मुलगीही बापाच्या पोटगीला बांधील आहे. उत्तम निकाल. इथे आयकर कायद्याला एक गुण द्यायलाच हवा: त्याने मुलगा आणि लग्न झालेली मुलगी यांच्यात फरक केला नाही. दोघांनाही आई-बाबांच्या विम्याची वजावट मिळते. ही गोष्ट धरमपेठेतल्या किती मुलींना माहीत आहे? "ते दादा बघतो" म्हणून पावती दादाकडे जाते. पैसे मात्र ताईने भरलेले असतात.

शिक्षणाकडे धावती नजर टाकू. दोन मुलांची शाळा-कॉलेजची ट्यूशन फी ८०-सीत बसते, देणगी आणि विकास निधी बसत नाही. नीट-जेईईच्या क्लासची फी लाखांत जाते, तीही बसत नाही. शिक्षण कर्जाचं व्याज ८०-ईखाली धरता येतं: स्वतःसाठी, जोडीदारासाठी, मुलांसाठी. धाकट्या भावासाठी नाही. विदर्भातल्या किती घरांत थोरल्याने नोकरी धरून धाकट्याला इंजिनिअर केलं, याची मोजदाद कोणी केलेली नाही. कायद्याने तर मुळीच नाही.

हे सगळं जुन्या करपद्धतीतलं. आता खरी गोम.

नवी पद्धत आली आणि या सगळ्या याद्या एका फटक्यात निकालात निघाल्या. ८०-सी नाही, ८०-डी नाही, ८०-डीडी नाही, ८०-डीडीबी नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून हीच पद्धत मूळ धरली जाते, जुनी हवी असेल तर मुद्दाम मागावी लागते. बारा लाखांपर्यंत कर नाही, पगारदाराला पावणेतेरा. ज्यांचं उत्पन्न त्याच्या आत आहे, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून निवांत चहा घ्यावा. त्यांना खरोखर दिलासा मिळाला आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

त्याच्यावर गेलात की प्रश्न सुरू होतो.

दोन माणसं घ्या. दोघांचा पगार वर्षाला १८ लाख. पहिला मिहानमध्ये नोकरी करणारा पंचविशीतला तरुण, लग्न व्हायचंय, आई-बाबा दोघंही कमावते. दुसरा धरमपेठेतला पंचेचाळिशीतला गृहस्थ. वडील सत्तरीचे, कॅन्सरचे उपचार चालू. धाकटा भाऊ जन्मापासून ८० टक्क्यांहून अधिक दिव्यांग, कायमचा अंथरुणाला. २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत दोघांचा कर किती?

दोघांचाही १,५०,८०० रुपये. एका पैचा फरक नाही.

"मग त्या गृहस्थाने जुनी पद्धत घ्यावी," असं कोणीही म्हणेल. घेऊ या. ८०-सीचे पूर्ण दीड लाख. विम्याचे स्वतःच्या कुटुंबासाठी २५,००० आणि आई-वडिलांसाठी ५०,०००. भावाच्या तीव्र दिव्यांगत्वासाठी ८०-डीडीचे १,२५,०००. वडिलांच्या कॅन्सरसाठी ज्येष्ठांची मर्यादा म्हणून एक लाख. एकूण साडेचार लाख, वर ५०,००० ची प्रमाणित वजावट. कर येतो २,१०,६००.

घरातली सगळी दुखणी कागदावर मांडूनही जुनी पद्धत ५९,८०० रुपयांनी महाग. गृहकर्ज किंवा घरभाडं जोडीला असेल तर गणित हलेल, पण स्वतःच्या फेडलेल्या घरात राहणाऱ्याचं हलत नाही. हा माणूस मुकाट्याने नवी पद्धत घेतो. त्याच्या विवरणपत्रात भाऊ उरत नाही, बाप उरत नाही. घरात मात्र दोघंही आहेत आणि रात्री दोनदा उठावं लागतं.

जुन्या पद्धतीतले आकडे मुद्दाम गोठवून ठेवलेत. ८०-सीचे दीड लाख २०१४-१५ पासून तेवढेच. ८०-डीडीचे ७५,००० आणि सव्वा लाख २०१५-१६ पासून तेवढेच. या काळात डायपरचा भाव तेवढाच राहिला का? फिजिओथेरपिस्टची एका भेटीची फी? रात्रीच्या अटेंडंटचा पगार? धंतोली-रामदासपेठेत एक चक्कर मारून या.

आणि आता या नव्या पद्धतीतल्या आणखी दोन गोष्टी बघा.

अज्ञान मुलाच्या नावावरच्या ठेवीचं व्याज पालकाच्या उत्पन्नात मिळवलं जातं. त्या बदल्यात दर मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांची सूट होती, तीस वर्षांहून अधिक काळ न बदललेली. नव्या पद्धतीत ती १,५०० ची सूटही काढली. व्याज मिळवायचा नियम ठेवला.

दुसरी गोष्ट हिंदू अविभक्त कुटुंबाची. याचं पॅन वेगळं, खातं वेगळं. कर्ता असतो, सदस्य असतात, वडिलोपार्जित घराचं भाडं असतं. सदस्य प्रत्यक्षात एक पुण्यात, एक बंगळुरूत, दिवाळीलाही भेटत नाहीत. नव्या पद्धतीतही या कागदी कुटुंबाला चार लाखांपर्यंत करमुक्त उत्पन्नाची वेगळी पायरी मिळते. भावंडं एकत्र राहत नसली तरी कुटुंब म्हणून सवलत. एका छताखाली राहून दिव्यांग भावाला भरवणाऱ्याला काही नाही.

हे असंच चालतं, असं म्हणणाऱ्यांना सत्तर वर्षं मागे नेतो. १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी विवाहितांसाठी करमुक्त मर्यादा १,५०० वरून २,००० रुपयांवर नेली आणि अविवाहितांसाठी १,००० वर आणली. कारण सरळ होतं: संसार असलेल्याचा खर्च जास्त, त्याची कर देण्याची ताकद कमी. दोन-तीन वर्षांत मुलंही हिशेबात आली. मूल नसलेल्या जोडप्याला ३,०००, एक मूल असेल तर ३,३००, त्याहून जास्त असतील तर ३,६००. पुढे ही व्यवस्था गेली.

१९५५ चे ते अर्थमंत्री म्हणजे आपले चिंतामणराव देशमुख. दुसऱ्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं, ते आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. घरातली माणसं मोजून कर लावायचा त्यांनी घालून दिलेला पायंडा कोणी सांगत नाही.

परदेशात स्वर्ग आहे असंही नाही. मुलगा न्यू जर्सीत, आई-बाबा लक्ष्मीभुवन चौकाजवळ, दरमहा डॉलर येतात. अमेरिकेच्या विवरणपत्रात त्याला आई-बाबा अवलंबून म्हणून दाखवता येत नाहीत. त्यासाठी ते अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी हवेत, नाहीतर कॅनडा किंवा मेक्सिकोचे रहिवासी. धरमपेठ बसत नाही.

पण तिथली एक गोष्ट आपल्या अर्थखात्याने वाचावी. १९८७ च्या विवरणपत्रांपासून अमेरिकेने पाच वर्षांवरच्या अवलंबून मुलांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक मागायला सुरुवात केली. एका वर्षात सुमारे ७० लाख मुलं विवरणपत्रांतून नाहीशी झाली. काही कधी जन्मलीच नव्हती. काही घटस्फोट झालेल्या आईच्याही कागदावर होती आणि बापाच्याही.

तिथल्या सरकारने खोटी मुलं गाळली आणि खऱ्या मुलांची सूट चालू ठेवली.

आपल्याकडेही चोर आहेतच. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभरात १५० ठिकाणी खोट्या वजावटींसाठी शोधमोहीम राबवली. परतावा मिळवून देतो म्हणणारे एजंट गिऱ्हाइकाच्या नावावर नसलेले आजार टाकत होते. त्यांना पकडलं, चांगलं केलं. आता विवरणपत्रात विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक द्यावा लागतो, आजाराचं नाव द्यावं लागतं. ८०-डीडीसाठी अवलंबून व्यक्तीचं पॅन-आधार आणि दिव्यांगाच्या यूडीआयडी कार्डाचा क्रमांक मागतात.

म्हणजे खरं-खोटं तपासायची सगळी यंत्रणा हाताशी आहे. मग सोपेपणाच्या नावाखाली खऱ्यांनाच बाहेर का काढलं?

राज्य सरकारला तर कुटुंब चांगलं मोजता येतं. लाडक्या बहिणीच्या दीड हजारासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. घरात कोणी आयकर भरत असेल तर बहीण अपात्र. ई-केवायसीत तिला नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही द्यावं लागलं. बहिणीला नाकारायचं असलं की घरच्यांचा आयकर सापडतो. भावाला सवलत द्यायची असली की बहीण सापडत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला. १९६१ चा जाडजूड कायदा गेला, भाषा सोपी केली, कलमांचे आकडे बदलले, ८०-सी आता १२३ झालं. 'करनिर्धारण वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं. इतकी झाडलोट केली, तेव्हा सासूबाईंसाठी एक शब्द वाढवायला काय हरकत होती? केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत महिला कर्मचाऱ्याला आई-वडील किंवा सासू-सासरे यांतलं एक निवडता येतं. तेच केंद्र सरकार, तेच सासू-सासरे. नियम आयता होता, उचलायचा होता.

तोवर वाचकांनी आपलं नुकसान तरी टाळावं. विवरणपत्र भरण्याआधी दोन्ही पद्धतींनी आकडे काढा, सांगोवांगी जाऊ नका. आई-बाबा साठीपुढचे असतील आणि त्यांचा विमाच नसेल, तर जुन्या पद्धतीत त्यांच्या औषधोपचाराचा खर्चही ५०,००० पर्यंत धरता येतो. मात्र मेडिकल स्टोअरमध्ये रोख पैसे मोजलेत तर ते बिल रद्दी. यूपीआयने द्या, कार्डाने द्या. बाबा गोकुळपेठेच्या बाजारातून येता येता खिशातून नोटा काढून गोळ्या घेतात, त्यांना आजच सांगा. घरात दिव्यांग व्यक्ती असेल तर प्रमाणपत्रावरची तारीख वाचा. ते ठरावीक मुदतीचं असेल आणि मुदत संपली असेल, तर पुन्हा तपासणी करून नवं घेईपर्यंत वजावट थांबते.

आणि दिल्लीकडे आपलं मागणं एकच. नव्या पद्धतीत बाकी काही नको: ८०-सी नको, क्लासची फी नको, घरभाडं नको. फक्त दिव्यांगाला सांभाळणाऱ्याची वजावट आणि गंभीर आजारावरच्या खर्चाची वजावट, एवढ्या दोनच परत द्या. सोपी करपद्धत त्याने गुंतागुंतीची होत नाही. यूडीआयडीचा एक क्रमांक आणि तज्ज्ञ डॉक्टरची एक चिठ्ठी, इतकाच कागद लागेल. त्या आजारांच्या यादीत सिकलसेल घाला आणि नात्यांच्या यादीत सासू-सासरे आणि आजी-आजोबा घाला.

देशभरातले आयकर अधिकारी घडतात ते आपल्याच गावात, छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत. धरमपेठेतून निघालात की सदर ओलांडून तिथे पोचता येतं. दर वर्षी नवी तुकडी येते, नवी कलमं पाठ करते, देशभर कामाला जाते. एखाद्या दुपारी या मुलांना मेडिकलच्या दिव्यांग तपासणीच्या रांगेत उभं करा. मुलाला खांद्यावर टाकून आलेला बाप तिथे भेटेल. त्याचा कर कसा मोजायचा, हे त्यांनी त्याच्यासमोर सांगावं.